एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा जळतोय? मटेरियलला दोष देण्याआधी हे तपासा

हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) काम होऊन काही महिने होत नाहीत तोच त्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं. हेड उघडलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची, कड खाल्लेली. 'माल डुप्लिकेट निघाला' म्हणत दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह टाकला जातो आणि तोही त्याच वाटेने जातो. पुण्यात सीएनजीवर दिवसभर पळणाऱ्या रिक्षा, टॅक्सी आणि छोट्या टेम्पोंच्या इंजिनात हा त्रास ओळखीचा आहे.

मटेरियल चुकीचं निघतं, हे खरं. पण बहुतेक वेळा मूळ कारण वेगळं असतं. व्हॉल्व्हमधली उष्णता बाहेर जाण्याचा रस्ता कुठेतरी अडलेला असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची डिस्क (चपटं डोकं) ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्यातली ढोबळमानाने तीन चतुर्थांश उष्णता व्हॉल्व्ह बंद असताना सीटमधून (डिस्क जिथे टेकते त्या कड्यातून) हेडमध्ये जाते, उरलेली स्टेम (दांडा) आणि गाईड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) यांमधून. सीटवर टेकणं बिघडलं की नाना पेठेतल्या पार्ट बाजारातला सगळ्यात महाग व्हॉल्व्हसुद्धा टिकत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून लॅबपर्यंत ठेवला आहे. मधल्या पायऱ्या गाळू नका.

लक्षणं

आयडलिंगला इंजिन थरथरतं, सायलेन्सरमधून ठरावीक तालात 'फुस्स' येतं, चढावर पिकअप पडतो. थंड असताना ठीक चालणारं इंजिन तापल्यावर मिस मारायला लागलं, तर टॅपेट घट्ट आहे (व्हॉल्व्हच्या टोकाजवळचा मोकळा गॅप कमी आहे) किंवा स्टेम गाईडमध्ये अडकतोय असा पहिला संशय घ्या. थंड असतानाच मिसिंग आहे आणि तापल्यावर कमी होतं, तर सीट हलकी गळत असण्याची किंवा स्टेमवर चिकट थर जमल्याची शक्यता जास्त.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे शांतता. टॅपेटचा टकटक आवाज आपोआप कमी झाला की मालक खूश होतो. इथेच कान टवकारा. वाजणारा टॅपेट त्रासदायक असला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय हे सांगत असतो. गॅप संपला की आवाज संपतो आणि व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकणंही थांबतं.

पहिली तपासणी: फिलर गेज

गॅप मोजायच्या या पातळ पट्ट्या. खर्च शून्य. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे सकाळी पहिल्या फेरीच्या आधी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीचा गॅप मोजा. आकडा मॅन्युअलमधलाच धरा, शेजारच्या गाडीचा नाही. एक्झॉस्ट जास्त तापतो आणि जास्त लांबतो, म्हणून बहुतेक इंजिनांत त्याचा गॅप इनलेटपेक्षा जास्त असतो.

जुळवण्याआधी सापडलेला आकडा लिहून ठेवा, मग जुळवा. पुढच्या सर्व्हिसला पुन्हा आधी मोजा. प्रत्येक वेळी एक्झॉस्टचाच गॅप कमी सापडत असेल तर सीट किंवा व्हॉल्व्हचा फेस (सीटवर टेकणारी तिरकी पट्टी) झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतोय. सीएनजीवर हे जास्त होतं. गॅस कोरडा असतो, सीट आणि फेस यांच्यामध्ये वंगणासारखा थर धरत नाही. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं होतं तेव्हा त्याच्या राखेचा थर सीट सांभाळायचा. २००० साली देशभर शिसं बंद झाल्यावर पेट्रोलवाल्या मऊ सीटनेही हाच प्रश्न दाखवला.

असा आत बसणारा व्हॉल्व्ह सापडला तर टॅपेट तपासायचं अंतर निम्म्यावर आणा. नुसत्या एवढ्यानेही बऱ्याच गाड्यांचं जळणं थांबतं. हायड्रॉलिक लिफ्टर असलेल्या इंजिनात ही खूण मिळत नाही. लिफ्टर झीज गुपचूप भरून काढतो आणि त्याची हालचाल संपली की एकदम कॉम्प्रेशन जातं.

हेड न उघडता दिसणारी कारणं

एअर कूल्ड रिक्षात आधी फिन (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) आणि काउल (पंख्याची हवा वळवणारं आवरण) बघा. पावसाळ्यात फिनमध्ये बसलेला चिखल उन्हाळ्यात वाळून दगड होतो. काउलचा पत्रा कुणीतरी काढून ठेवलेला असतो किंवा तुटलेला असतो, मग पंख्याची हवा हेडवर न जाता बाजूने निघून जाते. व्हॉल्व्ह बदलून हे दुरुस्त होणार नाही. वॉटर कूल्ड इंजिनात रेडिएटरबरोबर हेडमधला गाळही बघा. एक्झॉस्ट पोर्टच्या शेजारची पाण्याची वाट अरुंद असते, बोअरचं पाणी वापरलं की पहिला क्षार तिथे धरतो.

मग मिक्स्चर आणि टायमिंग. सीएनजीतला मुख्य वायू मिथेन पेट्रोलपेक्षा हळू जळतो. टायमिंग मागे असेल किंवा मिक्स्चर पातळ असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत ज्वाला शिल्लक असते. फुटलेला इनटेक होज, सैल मॅनिफोल्ड, भरलेला गॅस फिल्टर, जळलेला प्लग, एवढं स्वतः बघता येतं. डिझेलमध्ये टपकणारा इंजेक्टर आणि 'पॉवर वाढवून' घेतलेला पंप ही नेहमीची कारणं. कात्रज किंवा खंबाटकी घाट भरलेल्या गाडीने चढताना वाढवलेल्या डिझेलची सगळी गरमी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या वाट्याला येते.

कॉम्प्रेशन आणि गळती

सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. एखादं बाकीच्यांपेक्षा १० ते १५ टक्क्यांहून खाली असेल तर पेट्रोल-सीएनजी इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, हललाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये ऑइल टाकण्याची ही युक्ती करू नका. तिथे जागा आधीच कमी असते, वाढलेला आकडा दिशाभूल करतो.

लीकडाऊन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती दाखवणारं यंत्र) असेल तर काम आणखी सोपं. हवा भरून कान लावा. सायलेन्सरमध्ये सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरमध्ये आलं तर इनलेट, ऑइलच्या झाकणात आलं तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. दोष एक्झॉस्टचाच आहे हे पक्कं झाल्याशिवाय हेड काढू नका.

जळालेला व्हॉल्व्ह वाचा, लगेच वायर ब्रश मारू नका

निम्मं निदान या एका तुकड्यात असतं आणि नेमका तोच आधी भंगारात जातो.

कडेला एकाच जागी इंग्रजी व्हीसारखी खाच, बाकी फेस बऱ्यापैकी चांगला: गळती एका जागी सुरू झाली आणि गरम वायूने तिथलं स्टील कापत नेलं. कार्बनचा कण अडकणं, सीट वाकडी होणं, स्टेम वाकणं किंवा गाईड आणि सीटचं केंद्र एक नसणं ही कारणं. इथे मटेरियल सहसा निर्दोष असतं.

फेसभर सारखी खोलगट पट्टी: झीज. कोरडा गॅस, धूळ, सीट आणि व्हॉल्व्हची न जुळणारी जोडी.

डिस्क उलट्या छत्रीसारखी आत ओढलेली: गरम असताना स्टीलमध्ये ताकद उरली नाही. एक तर इंजिन फार तापलंय किंवा व्हॉल्व्ह चुकीच्या स्टीलचा आहे. मटेरियलवर पहिला खरा संशय इथे घ्यायचा.

डिस्कच्या खाली स्टेम बारीक झालेला: ताण आणि गरम वायूची झीज एकत्र. हीसुद्धा तापमानाची किंवा मटेरियलची खूण.

स्टेमवर उभे ओरखडे, ओढल्यासारखी चमक: गाईडमध्ये चावला आहे. क्रोम नसलेला किंवा उडालेला व्हॉल्व्ह, कमी क्लिअरन्स, नाहीतर गाईडमध्ये राहिलेली लॅपिंग पेस्ट (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायची खरखरीत पेस्ट).

स्टेम मध्येच सपाट तुटलेला, जणू कापला: काही व्हॉल्व्ह दोन स्टील जोडून केलेले असतात, तो जोड सुटला. कॉटरच्या (स्प्रिंगची वाटी धरणाऱ्या पाचरींच्या) खाचेत तुटला असेल तर स्प्रिंग, जास्त आरपीएम किंवा न जुळणारे कॉटर बघा.

चुंबक

स्टील ओळखायची ही फुकट कसोटी आहे, पण आधी ती काय सांगते ते समजून घ्या. व्हॉल्व्हसाठी दोन मुख्य घराणी वापरतात. ईएन ५२ हे मार्टेन्सिटिक स्टील: कार्बन साधारण ०.४५, क्रोमियम ९, सिलिकॉन ३ टक्के. चुंबकाला चिकटतं, तेलात बुडवून कडक करता येतं, इनलेटला उत्तम. ६५० अंशांच्या पुढे मात्र त्याची ताकद झपाट्याने उतरते. २१-४एन हे ऑस्टेनिटिक: क्रोमियम २१, मँगनीज ९, निकेल ४ टक्क्यांच्या आसपास, कार्बन अर्धा टक्का आणि मुद्दाम घातलेला ०.४ टक्क्याच्या आसपासचा नायट्रोजन. चुंबकाला चिकटत नाही आणि लालबुंद तापमानातही ताकद धरून ठेवतं. एक्झॉस्टसाठी नेहमीचं स्टील हेच.

स्पीकरमधल्या फेराइट चुंबकाचा छोटा तुकडा दोऱ्याला बांधा आणि लोंबकळता धरा. हातात धरलेल्या मोठ्या चुंबकात हलकी ओढ कळत नाही, दोरा तिरका झाला की लगेच दिसते. जुना व्हॉल्व्ह असेल तर फोटो काढून डिस्कची फक्त एक छोटी जागा पुसून घ्या, गंजाचा थरही थोडा ओढतो. आधी डिस्क, मग स्टेमवरून हळूहळू टोकाकडे या.

डिस्क ओढत नाही आणि स्टेमवर एका जागेपासून अचानक ओढ लागते, असं झालं तर तो जोड व्हॉल्व्ह: डिस्क २१-४एन, खालचा स्टेम ईएन ५२, मध्ये फ्रिक्शन वेल्ड (घर्षणाच्या उष्णतेने केलेला जोड). मार्करने ती जागा आखा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असो की बंद, ही रेघ गाईडच्या आतच राहिली पाहिजे. ती पोर्टमध्ये डोकावत असेल तर ईएन ५२ गरम वायूत उभं आहे. व्हॉल्व्ह दिसायला जुळला तरी तो या इंजिनाचा नाही.

अख्खा व्हॉल्व्ह ओढत नसेल तर तो संपूर्ण ऑस्टेनिटिक. हे स्टील तापवून बुडवल्याने कडक होत नाही, म्हणून टोकाला स्टेलाइट (कडक मिश्रधातूचा थर), कडक चकती किंवा टोपी असायलाच हवी. नसेल तर टोक रॉकरखाली चेपत जाईल.

डिस्कही जोरात ओढत असेल तर तो बहुधा ईएन ५२ किंवा त्याच्या घराण्यातला आहे. पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनाच्या एक्झॉस्टला हा संशयास्पद. काही जुन्या आणि हलक्या इंजिनांत, काही डिझेलमध्ये चुंबकीय एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मूळचाच असतो, त्यामुळे त्याच इंजिनातून निघालेल्या अस्सल जुन्या व्हॉल्व्हशी ताडून मगच बोला.

नाना पेठेत खरेदी करताना चुंबक खिशात असू द्या आणि काउंटरवरच बघा. इनलेट-एक्झॉस्टची अदलाबदल तिथेच पकडता येते. खोक्याशिवायचा सुटा व्हॉल्व्ह घेऊ नका, कितीही चकचकीत असला तरी.

चुंबकाची मर्यादाही मोठी आहे. २१-४एन, कमी निकेलचं २१-२एन आणि साधं ३०४ स्टेनलेस यांतला फरक त्याला कळत नाही. हीट ट्रीटमेंट बरोबर झाली की नाही, हेही नाही.

मोजमाप: इथे मशीनशॉप लागतं

पुन्हा पुन्हा जळणाऱ्या व्हॉल्व्हचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण: गाईड नवीन ठोकलं आणि सीट पुन्हा कापली नाही. नव्या गाईडचं केंद्र जुन्यापेक्षा किंचित सरकतंच. मग व्हॉल्व्ह सीटच्या एका बाजूला टेकतो आणि लॅपिंगने ती चूक फक्त झाकली जाते. आधी गाईड, मग रीमर, मग त्याच गाईडमध्ये पायलट (कटरला केंद्रात धरणारी दांडी) घालून सीट कटिंग. हा क्रम उलटा झाला तर बिल देऊ नका.

सीटवर छाप पाहण्याचा निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवा. छाप सलग आणि फेसच्या साधारण मध्यावर आली पाहिजे. एक्झॉस्टला रुंदी सहसा १.५ ते २ मिमी. अरुंद सीटमधून उष्णता कमी जाते, फार रुंद सीटवर दाब कमी पडून कार्बन चेपला जातो. डिस्कच्या कडेची सपाट जाडी ०.८ मिमीच्या खाली गेली की व्हॉल्व्ह बाद. पातळ कड पहिली लाल होते. लॅपिंग हलक्या हाताने, शेवटी पेस्टचा कणही गाईडमध्ये राहू देऊ नका. फेस आणि सीटचे कोन मुद्दाम अर्धा ते एक अंश वेगळे ठेवलेले असतील तर लॅपिंग करूच नका.

क्लिअरन्समध्ये मटेरियल पुन्हा आडवं येतं. ऑस्टेनिटिक स्टील तापल्यावर मार्टेन्सिटिकपेक्षा जवळजवळ दीडपट फुगतं. ८ मिमी स्टेम ३०० अंशांनी तापला तर ईएन ५२ सुमारे ०.०३० मिमी वाढेल, २१-४एन सुमारे ०.०४३. लांबीचा फरक तर आणखी मोठा: १०० मिमीला जवळपास ०.१६ मिमी. 'भारी मटेरियल' म्हणून जोड व्हॉल्व्हच्या जागी अख्खा ऑस्टेनिटिक व्हॉल्व्ह टाकला आणि गाईडची क्लिअरन्स, टॅपेट गॅप जुनाच ठेवला, तर व्हॉल्व्ह तापल्यावर चावणार किंवा उघडा राहणार. मूळ डिझाइनमध्ये जे मटेरियल आहे तेच घाला.

सीट खोल कापली असेल तर व्हॉल्व्हचं टोक वर येतं, स्प्रिंगची बसलेली उंची वाढते आणि दाब कमी होतो. त्यासाठी मॅन्युअलने सांगितलेली शिम घाला. गॅप मिळावा म्हणून टोक ग्राइंड करत सुटू नका. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की महिन्याभरात खड्डा.

स्टील खरंच चुकीचं आहे का: लॅब

वरचं सगळं बरोबर निघालं आणि तरी त्याच बॅचचे व्हॉल्व्ह छत्री होत असतील, तर आता मटेरियल तपासायचं. फक्त हार्डनेस घेऊन समाधान मानू नका. नीट ट्रीट केलेलं ईएन ५२ आणि २१-४एन दोन्ही ३० एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाच्या मापाच्या) आसपास येतात, आकडा चांगला दिसतो आणि स्टील चुकीचं असतं.

हातात धरायची एक्सआरएफ गन (एक्स-रेने धातूतले घटक ओळखणारं यंत्र) क्रोमियम, मँगनीज, निकेल मिनिटात सांगते. मँगनीज ९ आणि निकेल ४ असेल तर २१-४एनची बाजू भक्कम. निकेल २ च्या आसपास असेल तर २१-२एन. क्रोमियम १८, निकेल ८ आणि मँगनीज २ च्या आत असेल तर ते स्वयंपाकघरातलं ३०४ आहे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाही. पण ही गन कार्बन आणि नायट्रोजन दाखवत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रो (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारं लॅबमधलं यंत्र) लागतं, आणि नायट्रोजनचा चॅनेल त्या यंत्रात आहे का हे नमुना देण्याआधी विचारा. नसेल तर रिपोर्टमध्ये तो रकाना कोराच येईल.

रसायन बरोबर असूनही व्हॉल्व्ह ठिसूळ असू शकतो. २१-४एन साधारण ११५० अंशांवरून पाण्यात झपाट्याने थंड करून मग ७६० ते ८०० अंशांवर एजिंग करतात. थंड करताना ढिलाई झाली तर कणांच्या कडांवर नायट्राइड-कार्बाइडचे थर साचतात आणि तिथून चिरा पडतात. हे फक्त मायक्रोस्कोपखाली दिसतं.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

कॉम्प्रेशन शून्य आहे किंवा आतून धातूचा आवाज येतोय, तर स्टार्टर मारू नका. व्हॉल्व्हचा तुकडा पिस्टन आणि हेड दोन्ही घेऊन जातो.

सीटची रिंग हेडमध्ये सैल आहे, तर पंच मारून किंवा वेल्डिंगने बसवू नका. मोठ्या मापाची रिंग बोअर करून बसवणं हे मशीनशॉपचं काम.

गॅस किटची हाय प्रेशर बाजू उघडू नका. टाकीत २०० बार असतात. रेग्युलेटर आणि पाइप अधिकृत सीएनजी मेकॅनिककडेच, आणि टाकीची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्या.

पोकळ स्टेमचे काही व्हॉल्व्ह आतून सोडियमने भरलेले असतात. सोडियम ९८ अंशांना वितळून आत हिंदकळतो आणि डिस्कची उष्णता स्टेमकडे नेतो. असा व्हॉल्व्ह कापणं, भोक पाडणं, भट्टीत टाकणं धोक्याचं आहे, पाण्याशी गाठ पडली की सोडियम पेट घेतो. पार्ट कॅटलॉगमध्ये सोडियमचा उल्लेख असेल तर जुना व्हॉल्व्हही भंगारवाल्याला तसाच देऊ नका, डीलरकडे परत करा.

वाकलेला व्हॉल्व्ह ठोकून सरळ करणं, जळालेली कड वेल्डिंगने भरणं, २१-४एन गॅसच्या ज्वाळेने 'हार्ड' करणं, हे कुणीही सांगितलं तरी करू नका.

लॅबची वेळ आली तर भोसरी, पिंपरी-चिंचवड भागात एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या मेटलर्जी लॅब आहेत. जळालेला व्हॉल्व्ह न धुता, न घासता द्या. त्याच खोक्यातला एक न वापरलेला व्हॉल्व्ह सोबत द्या, कारण तुलना त्याच्याशीच होते. चिठ्ठीवर इंजिन, इंधन, सिलिंडर नंबर, किती किलोमीटर चालला आणि उघडताना सापडलेला टॅपेट गॅप लिहा. रसायन, हार्डनेस, मायक्रोस्ट्रक्चर आणि वेल्डची जागा या चारही गोष्टी लेखी मागा.